तेजोमेघांसाठी कोणता फिल्टर? डोळ्यासमोर धरून ठरवा

यूएचसी आणि ओ-थ्री हे दुर्बिणीच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) बसवायचे फिल्टर; ते ठरावीक रंगांचाच प्रकाश सोडतात, म्हणून तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले वायूचे ढग, उठून दिसतात. त्यांची तुलना करताना प्रत्येक वेळी आयपीस काढून फिल्टर फिरवून बसवू नका. तेवढ्या वेळात आधीचं दृश्य डोळ्यांपुढून पुसट होतं. त्यापेक्षा फिल्टर कडेने धरून डोळा आणि आयपीस यांच्यामध्ये सरकवा, बाजूला घ्या, पुन्हा सरकवा. फरक लगेच कळतो. त्याआधी अर्धा तास अंधारात डोळे सरावू द्या, आणि आयपीस तोच ठेवा.

ओ-थ्री फक्त ऑक्सिजनच्या ४९६ आणि ५०१ नॅनोमीटरजवळच्या रेषा सोडतो. यूएचसी त्यांच्यासोबत ४८६ची हायड्रोजन-बीटाही सोडतो, म्हणून मृगातला मोठा तेजोमेघ त्यातून भरगच्च दिसतो. हंसातला व्हेल (Veil, म्हणजे झिरझिरीत पडदा) तेजोमेघ मात्र ओ-थ्रीतून पाहावा. त्याचे तंतू असे उठून येतात की हरखून जायला होतं! बहुतेक ग्रहीय तेजोमेघांनाही (मरणाऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेल्या वायूच्या कवचांनाही) तोच मानवतो. हायड्रोजन-बीटा फिल्टरचा उपयोग हॉर्सहेड, कॅलिफोर्निया अशा मोजक्याच तेजोमेघांना, तेव्हा तो शेवटी घ्या. एकच घ्यायचा तर माझं मत यूएचसीला.

ओ-थ्रीतून सगळंच काळं दिसत असेल तर वर्धन कमी करा. आयपीसचं नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा एफ-अंक (दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले तिच्या मुख्य भिंगाचा किंवा आरशाचा व्यास), हे उत्तर ३ ते ५ मिलिमीटर आलं तर बरं. एफ-५ दुर्बिणीला २० मिलिमीटरचा आयपीस ४ देतो.

कृत्तिकांभोवतीचं धूसर तेज ताऱ्यांच्या परावर्तित प्रकाशाचं आहे. तिथे यांतला एकही फिल्टर लावू नका, दीर्घिकांनाही नको.