बडोद्यात भाड्याचं घर मुदतीआधी सोडावं लागलं तर

नोकरीसाठी किंवा एमएस विद्यापीठात शिकायला बडोद्यात येणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी भाडेकराराबद्दल सांगते. करार गुजरातीत असेल तर रावपुरा-दांडिया बाजारातल्या कुणा जुन्या मराठी माणसाला गाठा, तो वाचून दाखवेल. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा आहे ते बघा. घर राहण्याजोगं उरलं नाही तर किती दिवसांच्या नोटिशीवर सोडता येईल, हे कलम बहुधा नसतंच. ते सहीआधी घालून घ्या, मालक तेव्हाच ऐकतो.

इथली मोठी भीती विश्वामित्री नदीच्या पुराची. धोक्याची पातळी 26 फूट, आणि ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्याही वर गेलं होतं. समा, फतेगंज, अकोटा भागात घराघरांत पाणी शिरलं, सोबत मगरीही वस्तीत आल्या. पाणी ओसरलं तरी धोका सरत नाही. भिजलेल्या वायरिंगमुळे स्विचला हात लावताच झिणझिण्या येतात. म्हणून तळमजला बघताना पार्किंगमधली मीटरपेटी किती उंचावर आहे ते बघा. भिंतीला फक्त कमरेपर्यंत नवा रंग दिसला, तर का दिलाय ते शेजाऱ्यांना विचारा.

असं काही झालं तर तोंडी तक्रारीवर थांबू नका. फोटो काढा, वायरमनकडून दोन ओळी लिहून घ्या आणि दुरुस्तीची मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टाने, दोन्हीकडे पाठवा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे पुरामुळे घराचा महत्त्वाचा भाग कायमचा निकामी झाला, तर भाडेकरू करार संपवू शकतो. पण त्यातला ‘कायमचा’ फार कडक आहे. एकदा पाणी आलं एवढ्याने भागत नाही. मालकाने करायची दुरुस्ती कळवूनही वाजवी वेळात झाली नाही, तर ती आपण करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच, हे मात्र लक्षात ठेवा.

एकट्या मुलीला मालकाचा किंवा शेजाऱ्याचा त्रास असेल, तर नोटिशीचा हिशेब करत बसू नका. 181 अभयम या महिला हेल्पलाइनला फोन करा, त्याच दिवशी बाहेर पडा. डिपॉझिट नंतर मागता येतं.

‘दुसरा भाडेकरू आणा, मग सोडतो’ असं मालक हमखास म्हणतात. आणा, पण वायरिंगचं त्याला आधी सांगा. निघताना मीटरचं रीडिंग, रिकाम्या खोल्यांचे फोटो आणि किल्ली मिळाल्याची मालकाची सही घ्या. पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून नोंद असेल, तर घर सोडल्याचंही तिथे लेखी कळवा.