बोन्सायच्या बागेचं उद्घाटन झालं, पण रविवारी पाणी कोण घालणार? या चुका टाळा

बेळगावची शिवजयंती वैशाखात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालणारी. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव झोपलेलं असतं, त्यात आमचा माळीपण होता. आमच्या मंडळानं एका सार्वजनिक बागेच्या कोपऱ्यात साठेक बोन्साय मांडलेत, त्यांना त्या दोन दिवसांत पाणीच मिळालं नाही. माळ्याला वाटलं मंडळातलं कुणीतरी येईल, मंडळाला वाटलं माळी आहे की, आणि तिसऱ्या दिवशी मी गेलो तर चिंचेची पानं नुसता हात लागला तरी झडत होती. चार झाडं गेली. ती चिंच एका काकांनी २२ वर्षं वाढवलेली, पुण्याला मुलाकडं कायमचं राहायला जाताना आमच्या हवाली केली होती. त्यांना फोन कसा केला ते माझं मला माहीत.

आणि तेव्हा खात्यात पैसे होते बरं का! पण ते एका देणगीदारानं ग्रॅनाइटच्या कट्ट्यासाठी म्हणून दिलेले, माळ्याच्या सुट्टीत बदली माणूस लावायला त्यातला एक रुपया वापरता येत नव्हता. मंडळ, कॉलेज, पालिकेची बाग, मठ, कुणीही असा संग्रह काढायचं ठरवलं की पहिली चूक हीच होते, वस्तूला पैसे मिळतात म्हणून वस्तूच घेत सुटायचं. कट्टा, कमान, पाटी, कुंड्या, उद्घाटनाची शाल. पाणी घालणाऱ्याच्या पगारावर कुणाचं नाव कोरता येत नाही, म्हणून त्याला देणगी येत नाही.

त्यातून तो ग्रॅनाइट. काळा, चकचकीत, फोटोत भारी दिसतो. पण एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता त्याच्यावर हात ठेवून बघा. बोन्सायची कुंडी दोन-तीन इंच खोल, मुळं तव्यावर ठेवल्यासारखी भाजतात. आम्ही शेवटी खाली लाकडी पट्ट्या टाकून कुंड्या उचलून घेतल्या, हवा खेळती झाली, पाणीपण खाली तुंबायचं थांबलं. आज परत करायचं झालं तर उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुणाला तरी गाठून अँगलचे साधे स्टँड वेल्डिंग करून घेईन आणि वर लाकडी पट्ट्या मारीन, ग्रॅनाइटच्या नादाला लागणार नाही.

पाणी : "रोज घालतोय की"

झाड मेलं की माळ्याला विचारा, उत्तर ठरलेलं, "नीर हाकीनरी, रोज हाकीनरी", म्हणजे पाणी घातलंय, रोज घातलंय. आणि तो खोटं बोलत नसतो. रोज घालतो, सगळ्यांना सारखं, पाइप धरून. तिथंच घोटाळा. जेड या जाड पानांच्या झाडाला पाणी कमी लागतं, ते पानातच साठवून ठेवतं. चिंच आणि करवंद उथळ कुंडीत असली तर मे महिन्यात दोनदा मागतात. नांदरुक, वडाच्या जातीतलं, सोसतं बरंच पण कायम चिखलात ठेवलं की मुळं कुजतात. जुलैत आपल्याकडं आठ-आठ दिवस झड लागते, तेव्हाही "रोज" म्हणून पाइप चालू, असं मी डोळ्यांनी बघितलंय, वरून पाऊस आणि खालून पाइप.

उपाय एकदम साधा, अगरबत्तीची जळून उरलेली काडी घ्यायची, कुंडीच्या कडेला मातीत दीड इंच खुपसून दहा मिनिटं ठेवायची. ओली गडद निघाली तर आज पाणी नाही, कोरडी निघाली तर खालच्या भोकातून वाहीपर्यंत घाला. आम्ही प्रत्येक जातीच्या एका कुंडीत अशी काडी कायम ठेवलीय, माळी ती बघतो मग पाइप उचलतो. हे सांगायला आम्हाला दीड वर्ष लागलं, कारण आम्ही मराठीत लेक्चर देत होतो आणि तो मान हलवत होता. शेवटी एका मेंबरनं कानडीत, हातात काडी धरून दाखवलं, दहा मिनिटांत काम झालं.

हिशोब आधी करा. समजा ६० कुंड्या, प्रत्येकीला बघून पाणी द्यायला एक मिनिट, झाला एक तास. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास. हे वर्षाचे ३६५ दिवस, त्यात ५२ रविवार, दुसरा-चौथा शनिवार, गणपती, दिवाळी, माळ्याच्या घरचं लग्न. आमच्याकडं आता रविवारची पाळी मेंबरांत वाटलेली आहे, नाव आणि तारीख भिंतीवर लिहून. "कुणीतरी जाईल" हा शब्दच बंद केलाय.

बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या कडेला आणि बुंध्याला पांढरा थर चढतो, तो क्षारांचा. ब्रशनं घासून काढा आणि पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवा, निदान नाजूक झाडांपुरतं तरी.

माती

आपल्याकडं दोन टोकं. बेळगाव-खानापूरकडं तांबडी, गोकाक-अथणीच्या बाजूला काळी. दोन्ही शेताला छान, बोन्सायच्या कुंडीला दोन्ही वाईट, कारण बारीक कण एकमेकांत बसून घट्ट होतात, पाणी वरच साचतं, मुळांना हवा मिळत नाही. आमचं एक नांदरुक दोन वर्षं पिवळं पडत होतं, आम्ही आपलं खत घालतोय, मग अजून खत. जूनमध्ये कुंडीतून काढलं तर खालचा अर्धा गोळा काळा, गटारासारखा वास, मुळाला चिमटीत धरलं की साल मोज्यासारखी निघून यायची. कुजलेलं सगळं कापून टाकलं, विटांच्या चुरीत लावलं, सावलीत ठेवलं, महिन्यानं नवीन पालवी आली.

खानापूरच्या विटा-कौलांचे तुकडे ही आपल्याला फुकटात मिळालेली चीज आहे. फोडायचे, चाळायचे, ज्वारीपासून हरभऱ्याएवढे दाणे ठेवायचे आणि खालची पूड फेकून द्यायची. हीच पूड बरेच जण जीव होत नाही म्हणून परत मिसळतात, मग चाळलं कशाला? दोन भाग ही चुरी, एक भाग जाड वाळू, एक भाग मुरलेलं कंपोस्ट, एवढ्यावर आमची बहुतेक झाडं चाललीत. वड-पिंपळ-उंबराच्या जातीची झाडं मे अखेर ते जुलै बदलावीत, हवेत ओल असते, मुळं लवकर धरतात. जानेवारीत "प्रदर्शन आहे म्हणून" नवीन कुंडीत घालणं म्हणजे झाडाचा जीव घेणं.

कुंड्यापण खानापुरात करून घेता येतात, कुंभारकामाचं गाव आहे, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाच आहे तिथं. फक्त सांगताना नीट सांगा : भोकं दोन आणि बोटभर मोठी, तळाला पाय, आणि झाड तारेनं बांधायला बारीक भोकं वेगळी. आमच्या पहिल्या ऑर्डरच्या ३० कुंड्यांना मधोमध एकच पेन्सिलीएवढं भोक होतं, कारण आम्ही सांगितलंच नव्हतं.

पान पिवळं म्हणजे खत, काडी सुकली म्हणजे मेलं

दोन्ही चूक. आतली जुनी चार पानं पिवळी होऊन गळाली तर झाडाचा तो नेहमीचा व्यवहार आहे. शेंडे पिवळे पडत असतील तर आधी मुळं आणि पाणी बघा, खताची पिशवी नंतर. आजारी मुळाला खत म्हणजे ताप आलेल्याला श्रीखंड. पानाखाली चिकट लागतंय, काळ्या मुंग्यांची रांग आहे, मग पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड शोधा, थोडी असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, जास्त असेल तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण टाकून, संध्याकाळी फवारा.

आणि फेकण्याआधी नखानं साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. आमचा एक पिंपळ फेब्रुवारीत सगळी पानं टाकून बसला, पिंपळ टाकतोच हो, तर स्वच्छता करणाऱ्यांनी वाळका म्हणून उचलून कचऱ्याच्या गाडीत घातला. पाटी लावली असती, "पानगळ चालू आहे", तर वाचला असता.

फांदीला वळण द्यायला गुंडाळतात त्या तारेचं थोडक्यात सांगतो, पावसाळ्यात फांदी झपाट्यानं जाड होते, जूनमध्ये गुंडाळलेली तार ऑगस्टपर्यंत सालीत रुतते आणि तो वळ वर्षानुवर्षं जात नाही. दर पंधरा दिवसांनी बघा, आणि काढताना उलगडत बसू नका, कटरनं तुकडे करा.

झाड हॉलमध्ये, एसीत, पाहुण्यांच्या टेबलावर ठेवायचा मोह आवरा. एक दिवस ठीक. आमचं एक जुनिपर, थंड हवेतलं सूचिपर्णी झाड, एका कार्यक्रमाला गेलं ते तीन आठवडे कुणाच्या तरी केबिनमध्ये राहिलं. आपल्या हवेत ते आधीच रडतखडत जगतं. परत आलं तेव्हा हिरवं दिसत होतं, पण जुनिपर मेल्यावरसुद्धा बरेच दिवस हिरवंच दिसतं.

पैसा

एकदा देखभालीचं काम लॉनवाल्या ठेकेदाराकडं गेलं, सगळ्यात कमी रेट त्याचा होता. त्याच्या पोरानं हेज कापायची मोठी कात्री घेऊन आमची चार बोगनवेल आणि एक कामिनी व्यवस्थित गोल करून ठेवली, लाडवासारखी. त्याचा दोष नाही, वर्क ऑर्डरमध्ये "छाटणी" एवढंच लिहिलेलं. तेव्हापासून आम्ही लेखी देतो, बोन्सायला पाणी आणि साफसफाई एवढंच, कात्री फक्त मंडळाच्या माणसाची.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायच्या खर्चाचं, नाव सगळे घेतात. तो नियम लागू होतो ज्या कंपनीचं नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे तिला, आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के ती खर्च करते. आपल्याकडच्या छोट्या फाउंड्र्या त्यात बसतही नाहीत. ज्या बसतात त्यांच्याकडून पैसे घ्यायचे तर संस्थेला आयकर खात्याची १२ए, ८०जी, शिवाय १ एप्रिल २०२१ पासून कंपनी खात्याकडची सीएसआर-१ नोंदणी लागते आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. म्हणजे आज मंडळ नोंदवून पुढच्या महिन्यात चेक, असं होत नाही. त्यापेक्षा छोट्या कारखानदाराकडं जाऊन "तुमच्याकडून वर्षभराचं पाणी" असं मागा, तो ऐकतो. पक्की पावती, फोटो, आणि सहा महिन्यांनी झाडाचा नवीन फोटो पाठवा, पुढच्या वर्षी मागावं लागत नाही.

ठेवीच्या भ्रमात राहू नका. दहा लाखांची एफडी, ६ टक्के धरलं तर वर्षाला ६० हजार, महिन्याला ५ हजार, त्यात पूर्णवेळ माणूस येतो का सांगा. आमची बाकीची तूट रोपं विकून भरते, छाटलेल्या जेडच्या आणि नांदरुकच्या काड्या पावसाळ्यात पिशवीत लावायच्या, दिवाळीपर्यंत विकण्याजोग्या होतात. शिवाय वर्कशॉप, फी घेऊन. फुकट वर्कशॉपला नाव नोंदवणारे चाळीस, येणारे अकरा.

वॉशिंग्टनचं उदाहरण मंडळात नेहमी देतो. १९७६ ला जपाननं अमेरिकेला ५३ बोन्साय भेट दिले, ते सरकारी बागेत आहेत, पण सरकारवर सगळं न सोडता १९८२ मध्ये वेगळी ना-नफा संस्था काढली गेली, ती पैसे उभे करते. त्या ५३ मधला एक पाइन १६२५ पासून कुंडीत आहे, हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेला, आणि ही गोष्ट तिथल्या लोकांना २००१ मध्ये दात्याचे नातू बघायला आले तेव्हा कळली. म्हणजे पंचवीस वर्षं नोंदच नव्हती. आपण तर वहीसुद्धा ठेवत नाही.

वही, पाटी, चोर

झाड घेतानाच लिहून घ्या : दान की ठेवायला दिलंय? मेलं तर? मंडळ बंद पडलं तर कुणाचं? जात, वय, शेवटची माती कधी बदलली, चार बाजूंनी फोटो. मुळं बघितल्याशिवाय झाड घेऊ नका आणि शक्यतो झाडाबरोबर एका वर्षाच्या पाण्याचे पैसे मागा. लाज वाटते पहिल्यांदा. चिंचवाल्या काकांना आम्ही आधी सांगितलं असतं तर त्यांनी आनंदानं दिले असते असं तेच म्हणाले, फोनवर.

पाटीवर कानडी वर आणि ६० टक्के, कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीपासून ट्रस्टच्या बोर्डांनापण तो नियम आहे, मराठी त्याच्याखाली. पाटीवरून वाद घालण्यात एक उन्हाळा घालवलेले लोक मला माहीत आहेत, झाडं तोवर सुकली.

चोरी होते. अमेरिकेतल्या पॅसिफिक बोन्साय म्युझियममधून फेब्रुवारी २०२० मध्ये दोन झाडं गेली, दोन-तीन दिवसांत कुणीतरी रस्त्यावर आणून ठेवली, कारण बातमी फोटोसकट सगळीकडं फिरली होती. आमची मोठी झाडं आता खालच्या लाकडी पट्ट्यांना नटबोल्टनं बसवलीत, त्याचा दुसरा फायदा जूनच्या वाऱ्यात होतो, कुंड्या उडत नाहीत. लहान कुंड्या मात्र सुतळीनं बांधाव्या लागतात. या वर्षीची सुतळी आणायची राहिलीय, रविवारी पाळी माझीच आहे, जाता जाता गणपत गल्लीतून घेऊन जातो.