मळ्यांना गुलाम का लागायचे, हे पोरांना कसं समजवायचं

दहावी-अकरावीच्या पोरांना अमेरिका-कॅरिबियनकडच्या उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवरची गुलामी हा विषय शिकवायचा असेल, मग रात्रशाळेत असो, अभ्यासिकेत असो नाहीतर घरी भाच्याला, तर सगळ्यात आधी "गुलाम फुकट मिळायचे म्हणून ठेवायचे" हे त्यांच्या डोक्यातून काढा. जवळपास सगळे हेच लिहून येतात. फुकट अजिबात नव्हतं, मळेवाला रोख मोजायचा, कर्ज काढायचा, आणि कित्येकदा त्याच माणसांना तारण ठेवून पुढचं कर्ज उचलायचा. मग एवढा पैसा घालून माणूस विकत का घ्यायचा, सरळ मजूर का नाही ठेवायचे? हे फळ्यावर लिहा आणि उत्तर लगेच देऊ नका, भांडू दे त्यांना जरा.

सुरुवात उसापासून करा, कापूस नंतर. अटलांटिक पार करायला आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली, त्यातली आजच्या अमेरिकेत उतरली ती चार लाखांच्या आत, बाकी बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर, आणि तिथे मुख्य पीक म्हणजे ऊस. लालबाग-परळकडे शिकवत असाल तर पोरांना कोपऱ्यावरच्या रसवंतीवर घेऊन जा आणि चरकाकडे नीट बघायला सांगा, रुळांमध्ये ऊस सरकवताना हात किती जवळ जातो ते. आता हाच चरक बैलांवर, वाऱ्यावर नाहीतर पाण्यावर फिरणारा, कितीतरी मोठा, अर्धी रात्र उलटलेली, समोर कंदील आणि ऊस सरकवणारी बाई दिवसभर राबून आलेली. चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असायची, हात आत गेला तर अख्खी बाई ओढली जायच्या आत तो हात तोडायला. हे सांगताना घाई करू नका प्लीज.

रात्रपाळी का, तर तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही की साखरेचा उतारा पडतो, म्हणून तोडणी, गाळप, कढया सगळं एका दमात, हंगाम संपेपर्यंत महिनोन्महिने. बीडकडची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं वर्गात असतील तर त्यांना हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्यांना बोलू द्या. फक्त एक गोष्ट स्पष्ट ठेवा, उचल घेतलेलं कुटुंब अडकतं हे खरंय, पण त्यांचं पोर जन्मतः मुकादमाच्या मालकीचं होत नाही. तिकडे मात्र, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत, १६६२ चा कायदाच होता की आई गुलाम तर मूल गुलाम.

मग येतो खरा मुद्दा, इथे वेळ द्या. असं काम कोण स्वतःहून करेल? कोणीच नाही, विशेषतः जिथे पलीकडे मोकळी जमीन पडलीये तिथे तर नाहीच, माणूस चार महिने राबेल आणि स्वतःचं शेत धरेल. एव्सी डोमार या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये हे नेमकं मांडलं: मोकळी जमीन, मोकळा कष्टकरी आणि स्वतः न राबणारा जमीनमालक, या तीनपैकी कुठल्याही दोन गोष्टी एकत्र नांदतात, तिन्ही नाही. फळ्यावर तीन गोल काढा, पोरांना एकेक पुसायला सांगा. मळेवाल्याने कष्टकऱ्याचं मोकळेपण पुसलं. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर आधी इंग्लंडहून आणलेले गोरे करारी मजूर होते, पण करार संपला की ते मोकळे, मग १६४० नंतर साखर आली आणि मालक आफ्रिकी माणसं विकत घ्यायला लागले, १६६१ मध्ये गुलामांसाठी वेगळा कायदाही केला. मूळचे रहिवासी ठिकठिकाणी देवी आणि इतर साथींनी संपत चाललेले. मलेरिया, पिवळ्या तापाने गोरे मजूर जास्त मरायचे वगैरे एका ओळीत उरका, कारण म्हणून ते खरं आहे पण पोरं तिथेच अडकून बसतात आणि मालकाचा निर्णय सुटून जातो.

आता कापूस. १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं मशीन आलं, पोरांना वाटतं मशीन आलं म्हणजे गुलाम कमी झाले असतील, झालं बरोबर उलटं, सरकी झटपट निघायला लागली म्हणून लागवड वाढली आणि वेचणी मात्र हातानेच राहिली. १७९० ला अमेरिकेत साधारण सात लाख गुलाम होते, १८६० ला जवळपास चाळीस लाख.

कोणीतरी म्हणेलच, "सर, मग या पिकांना गुलाम लागायचेच ना?" तेव्हा मुंबई काढा. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध, तिथला कापूस बंद, आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांसाठी गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीतून जायला लागला, इतका पैसा आला की बॅक बे भरणीच्या, म्हणजे समुद्र बुजवून जमीन काढायच्या कंपनीच्या शेअरवर शहर वेडं झालं आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. तो कापूस पिकवणारा शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडालेला होता, पण विकत घेतलेला नव्हता. अमेरिकेतही गुलामी गेल्यावर दहा-पंधरा वर्षांत कापूस आधीपेक्षा जास्त पिकायला लागला. म्हणजे पिकाचं अडत नव्हतं, मालकाच्या नफ्याचं अडत होतं, आणि हे माझं ठाम मत आहे, पोरांपर्यंत दुसरं काही पोचलं नाही तरी चालेल, हे पोचलं पाहिजे.

जमैका पण सांगा, कॅरिबियनमधलं ब्रिटिशांचं साखरेचं बेट. १८३८ मध्ये लोक गुलामीतून पूर्ण सुटले, शक्य होतं त्यांनी मळे सोडले, डोंगराकडे स्वतःचे तुकडे घेतले, साखर घटली आणि मालकांनी मजूरटंचाईची बोंब मारली. त्याआधी ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंड नुकसानभरपाई वाटली होती, ती मालकांना, गुलामांना एक पै नाही.

गृहपाठाला मॉरिशस द्या. गुलामी संपतेय म्हटल्यावर १८३४ मध्ये कलकत्त्याहून 'ॲटलास' जहाजातून गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, तिथल्या उसात गेले, पुढे मुंबई बंदरातूनही गेले, त्यात रत्नागिरीकडची मराठी माणसं होती, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. करार पाच वर्षांचा, मधेच काम सोडलं तर शिक्षा. प्रश्न एवढाच द्या: मालकांना तीन महिन्यांचा करार का नको होता? ज्याला तीन गोल कळलेत तो बरोबर लिहून आणतो, ज्याला नाही त्याला पुढच्या तासाला परत फळ्यापाशी बोलवा.