रविवारी सकाळी रिसिव्हर जोडायचाय? मग आदल्या रात्रीची ही तयारी

आमच्याकडे अण्णांचा जुना स्टिरिओ रिसिव्हर आहे, म्हणजे रेडिओ आणि आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर (ॲम्प) एकाच डब्यात. कॅसेट डेक केव्हाच बंद पडला, पण ॲम्प आणि स्पीकर अजून ठणठणीत. अभंग, भजनं, नाट्यपदं सगळी आता माझ्या लॅपटॉपवर. म्हणून मी दोन्ही जोडले, आणि पहिल्याच सकाळी अण्णांनी बाहेरच्या खोलीतून हाक मारली, “अरे, बाईंचा आवाज कुठं गेला रे? नुसता तबला वाजतोय, अन् मागं घुंऽ चाललंय.” मी म्हटलं, “अण्णा, गाणंच खराब उतरलंय.” आवाज वाढवला तर घुंऽ पण वाढलं. दोन आठवडे मी लॅपटॉपला दोष देत होतो आणि दोष निघाला केबलमध्ये.

त्यानंतर ओळखीच्या चार-पाच घरांत जोडणी करून दिली. आवाज बारीक येणं आणि खरखर येणं या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लोक सांगतात, पण बहुतेक वेळा दुखणं एकच असतं. सिग्नल रिसिव्हरमध्ये शिरतानाच अशक्त असतो, मग आपण नॉब पिळत जातो आणि सिग्नलबरोबर वाटेतला सगळा कचराही मोठा होतो. म्हणून नवीन काही विकत आणण्याआधी खालची तयारी करा. एक संध्याकाळ पुरते.

सगळ्यात आधी एका ताटात वस्तू काढून ठेवा: टॉर्च, कागदी चिकटपट्टी आणि पेन, हेडफोन, दुसरी एखादी केबल (शेजाऱ्यांकडून तासाभरासाठी आणली तरी चालते), गाणी असलेला मोबाइल, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. मोबाइलला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सीचं छोटं कन्व्हर्टरही लागेल. त्यासोबत दोन गाणी निवडून ठेवा, एक खूप जुनं, मोनो काळातलं (दोन्ही स्पीकरमध्ये एकच आवाज असलेलं), आणि एक अलीकडचं, डाव्या-उजव्या बाजूला वाद्यं वेगवेगळी ऐकू येणारं. ही दोन गाणी का, ते पुढे येतंय.

रिसिव्हर अमेरिकेहून कोणी आणलेला असेल तर प्लग लावण्याआधी मागची पट्टी टॉर्च मारून वाचा. तिथे १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावायचा नाही, मधे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मागची भोकं बघू. फोनो, ऑक्स, ट्यूनर, टेप इन, टेप आउट अशी नावं असतात. कॉम्प्युटरहून येणाऱ्या केबलची लाल-पांढरी पिन ऑक्स, टेप इन किंवा सीडी यांपैकी एका ठिकाणी जायला हवी. टेप आउट ही बाहेर जायची वाट आहे, तिथे लावलं तर काही ऐकूच येत नाही. फोनोचं प्रकरण वेगळं. ते भोक तबकडीच्या सुईसाठी आहे आणि सुईतून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात, म्हणून आतलं सर्किट ते कितीतरी पटींनी वाढवतं, शिवाय खर्ज उचलतं आणि वरचे सूर दाबतं. कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकातून पूर्ण आवाजाला १ व्होल्टच्या आसपास येतं. ते फोनोत घातलं की आवाज फाटतो, ढबढब होतो. मग लोक कॉम्प्युटरचा आवाज अगदी तळाला नेतात आणि खरखर सुरू होते. भोक बदललं की दोन्ही तक्रारी संपतात.

जुन्या ॲम्पना लाल-पांढऱ्या पिनांऐवजी पाच काट्यांचा गोल डिन सॉकेट असतो. त्याची तयार केबल मिळते, पण ती घेताना एक गोष्ट विचारा. टेपच्या सॉकेटमध्ये ॲम्पला ऐकवायचा सिग्नल ३ आणि ५ नंबरच्या काट्यांवर येतो, १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी आणि २ ग्राउंड, म्हणजे सिग्नलची परतीची सामाईक वाट. रेकॉर्डिंगसाठी ओढलेली केबल हाती आली तर ॲम्प गप्प बसतो किंवा लांबून कुजबुजल्यासारखं ऐकू येतं, आणि माणूस ॲम्प दुरुस्तीला टाकतो.

पिन ऑक्स किंवा सीडीत लावली असेल तर पुढच्या बाजूला टेप मॉनिटरचा खटका बाहेर आहे ना, बघा; टेप इनमध्ये लावली असेल तर मात्र तो आत दाबलेला हवा. खटका आत असला की ऑक्सवर काही वाजत नाही. म्यूटिंगचं बटण असेल, कधी मायनस २० डीबी असं लिहिलेलं (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप), तर तेही सोडा. काही रिसिव्हरांच्या मागे प्री-आउट आणि मेन-इन या दोन भोकांना जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या असतात. त्यांवर गंज किंवा काळा थर चढला की आवाज बारीक होतो, मधेच तुटतो. रिसिव्हर बंद करून त्या काढा, अल्कोहोलने पुसा, परत घट्ट बसवा. बॅलन्सचा नॉब मधे आणा. स्पीकरच्या वायरी लाल-ला-लाल, काळ्याला-काळी आहेत का तेही पाहा. एक स्पीकर उलटा लागला असेल तर खर्ज गायब होतो आणि ॲम्पमध्येच जोर नाही असं वाटतं.

आता केबल. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझे दोन आठवडे इथेच गेले.

केबलच्या दुसऱ्या टोकाला, कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकात जाणाऱ्या ३.५ एमएमच्या पिनेकडे टॉर्च मारून बघा. तिच्यावर दोन काळे वळे असतील तर ती स्टिरिओ पिन. टोक डाव्या बाजूचं, मधलं कडं उजव्या बाजूचं आणि मुळाशी असलेला लांब भाग दोघांचा सामाईक ग्राउंड. एकच वळं असेल तर ती मोनो. ती स्टिरिओ भोकात घातली की उजवी बाजू ग्राउंडला टेकते आणि एक स्पीकर मरतो. दुकानात दोन्ही केबली दिसायला सारख्याच असतात. आमच्या सोलापुरात नवी पेठेत घ्यायला जाल तेव्हा पाकीट उघडून वळे मोजून घ्या.

माझ्या केबलमध्ये वळे बरोबर होते. पण पिनेच्या मुळाशी, जिथे ती रोज वाकत होती तिथे, आतली ग्राउंडची जाळी तुटली होती. बाहेरून रबर शाबूत. अशा वेळी काय होतं बघा. डाव्या-उजव्या सिग्नलला परत यायला सामाईक वाट उरत नाही, म्हणून डावीकडचा प्रवाह उजवीकडच्या तारेतून परततो आणि स्पीकरमध्ये फक्त दोघांमधला फरक पोचतो. गायिकेचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. जे बाजूला ठेवलेलं असतं, म्हणजे तबला, टाळ, आवाजाचा घुमारा, तेवढं पोकळ पोकळ ऐकू येतं. वर ग्राउंड नसल्याने विजेच्या तारांची घरघर आत शिरते. अण्णांनी सांगितलं होतं ते शब्दशः हेच होतं.

म्हणून ती दोन गाणी. मोनो गाण्यात दोन्ही बाजू एकच असतात, त्यामुळे ग्राउंड तुटलं असेल तर जुनं गाणं जवळजवळ नाहीसं होतं आणि नवं अर्धवट वाजतं. गाणं चालू ठेवून केबल पिनेच्या मुळाशी हळूच वाकवा. गायिका मधेच “येऊन” गेली तर केबल फेकून द्या. पिन अर्धवट बसली असली तरी हुबेहूब हेच होतं. लॅपटॉपला जाड कव्हर असेल, भोकात धूळ साचली असेल, तर पिन शेवटच्या “टक्” आवाजापर्यंत जात नाही. लाकडी टूथपिकने धूळ काढा, सुई घालू नका.

कॉम्प्युटरच्या बाजूची तयारी लवकर होते. डेस्कटॉपला मागे तीन रंगांची भोकं असतात. पोपटी हिरवं बाहेर येणाऱ्या आवाजाचं, निळं आत घ्यायचं, गुलाबी माइकचं. हिरव्यात लावा. आधी तिथे हेडफोन लावून ऐका. हेडफोनमध्येच खरखर असेल तर रिसिव्हरला हात लावायचं कारण नाही. विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंगमध्ये माइक वाजवून दाखवायचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर पंख्याची घरघर स्पीकरमधून येते. तिथेच ‘कम्युनिकेशन्स’ टॅबमध्ये कॉलच्या वेळी बाकी आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचा पर्याय असतो, तो ‘काहीही करू नका’ वर आणा. एन्हान्समेंट्स, म्हणजे आवाज ‘सुधारायचे’ पर्याय, सगळे बंद. लिनक्सवाल्यांनी आवाजाच्या मास्टर आणि पीसीएम दोन्ही पट्ट्या बघाव्यात, बरेचदा दुसरी खाली राहिलेली असते.

मग आवाज कुठे किती ठेवायचा? प्लेयरचा स्लायडर पूर्ण, कॉम्प्युटरचा ८० ते १०० टक्के, आणि ऐकायचा आवाज फक्त रिसिव्हरच्या नॉबने. कॉम्प्युटरकडे सिग्नल २० डीबी कमी केला की व्होल्टेज एक दशांश होतं, आणि तेवढंच पुन्हा ॲम्पने वाढवलं की केबलमधला आणि ॲम्पच्या तोंडाशी असलेला सगळा फसफसाट दहापट होतो. बहुतेक घरांत एवढ्या एका बदलानेच तक्रार निम्मी होते. पूर्ण १०० वर मोठ्या आवाजाच्या जागी गळा चिरल्यासारखा वाटला तर ८५ वर या.

आता विजेचं. खूप जाड, एकसुरी घुंऽ ऐकू येत असेल तर ती ५० हर्ट्झची वीज आहे. लॅपटॉप चांगला चार्ज करून ठेवा आणि गाणं चालू असताना चार्जर काढा. घुंऽ लगेच थांबलं तर दोष ग्राउंडच्या वेढ्याचा. म्हणजे लॅपटॉप एका वाटेने आणि रिसिव्हर दुसऱ्या वाटेने जमिनीला टेकलाय आणि त्या दोन वाटांमधला छोटासा फरक केबलमधून धावतोय. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिसिव्हरला जोडलेला असेल तर त्याची केबलवाल्याची काळी वायर काढून बघा, ती लांब कुठेतरी वेगळ्याच जमिनीला जोडलेली असते. एवढ्याने भागलं नाही तर केबलच्या मधे लावायचा, हा वेढा तोडणारा छोटा ग्राउंड आयसोलेटर मिळतो. तो स्वस्तातला असेल तर खर्ज थोडा खातो, हे मात्र लक्षात ठेवा.

चार्जरच्या पिनेतला अर्थिंगचा जाड काटा काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घुंऽ जाईल, पण धक्क्यापासून वाचवणारी वाट पण जाईल. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंगच तपासून घ्या. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, जमीन कोरडी ठाक पडते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंगचा रोध वाढतो. वाड्यातल्या जुन्या वायरिंगमध्ये तर तीन भोकांचा सॉकेट असूनही तिसऱ्या भोकाला तारच नसते. हे काम वायरमनचं. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा.

माउस हलवला की चिरचिर आणि पान खाली सरकवलं की शीळ, असा आवाज असेल तर तो कॉम्प्युटरच्या आतून येतोय. केबल बदलून तो जात नाही. त्याला यूएसबी डॅक लावा, म्हणजे बाहेरून जोडायचं छोटं साउंड कार्ड, मग आवाज डब्याबाहेर तयार होतो. रिसिव्हरला ऑप्टिकल भोक असेल तर त्याहून बरं, कारण त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज जातच नाही, त्यामुळे ग्राउंडचा वेढा तयारच होत नाही.

नॉब फिरवताना करकर होत असेल तर आत धूळ आहे. आमच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी ज्यांची घरं आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. चादरी-टॉवेलच्या सुताचे बारीक तंतू हवेतून रिसिव्हरच्या जाळीत शिरतात, आणि मी एकदा उघडलेल्या ॲम्पमध्ये व्हॉल्यूमच्या नॉबभोवती मऊ राखाडी थरच बसला होता. प्लग काढा, रात्रभर तसाच ठेवा, कारण आतले मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बंद केल्यावरही भार धरून असतात. मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा नॉबच्या फटीत, आणि नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गंज सोडवायचं साधं तेल नको, ते आत राहतं आणि पुन्हा धूळ ओढतं.

एवढं झालं की जोडणीच्या सकाळी रिसिव्हर बंद, नॉब शून्यावर, मगच केबली लावा. आधी रिसिव्हरवर एफएम लावून आकाशवाणी सोलापूर ऐका. ते स्वच्छ वाजलं तर ॲम्प आणि स्पीकर सुटले. मग त्याच केबलने मोबाइल जोडा. मोबाइल स्वच्छ वाजला तर केबल आणि भोक दोन्ही सुटले, उरला फक्त कॉम्प्युटर. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते चिकटपट्टीवर लिहून केबलला लावा. काहीही न जोडता, नॉब शून्यावर असतानाही घुंऽ येत असेल तर रिसिव्हरच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर म्हातारे झालेत. ते काम जाणकार मेकॅनिकला द्या, घरी उघडू नका.

अण्णांच्या रिसिव्हरवर आता नॉबच्या शेजारी निळ्या शाईची एक रेघ आहे, सकाळच्या अभंगांची. लॅपटॉप ९० वर, नॉब त्या रेघेवर. रात्री तो थंड झाला की अण्णा स्वतः त्याच्यावर जुन्या पातळ पंच्याची घडी टाकतात, तंतू आत जाऊ नयेत म्हणून, आणि सकाळी सुरू करण्याआधी न विसरता काढतात.