तुकडे जोडून लाकडी पेन: सांधा सुटू नये म्हणून

स्लिमलाइन किटला (बारीक पेनाच्या तयार सुट्या भागांचा संच) 7 मिमी ड्रिल आणि साधारण 19 मिमी चौरस ठोकळा लागतो. काळपट शिसम आणि पिवळसर हळदू या लाकडांची जोडी उठून दिसते. सागवान तेलकट, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा.

आडवी कापलेली टोकं इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) पिऊन टाकतात. आधी पातळ हात द्या, मुरला की दुसरा, मग बेताचा दाब. करकचून आवळलं तर सांधा कोरडाच राहतो. 24 तास हात लावू नका.

ठोकळा फुटतो तो बहुधा छिद्र पाडताना. गती कमी ठेवा, दर 5-6 मिमीला ड्रिल बाहेर काढून भुसा झाडा. तापलं की इपॉक्सी मऊ पडून तुकडे सरकतात.

किटमधली पितळी नळी खरवडून छिद्रात चिकटवा. लेथवर (लाकूड फिरवत तासायचं यंत्र) धारदार हत्यार, अगदी पातळ काप. घासताना शिसमचा काळा भुसा हळदूत शिरतो. पुसू नका, हवेने उडवा.