विंडोज ७ वर आज कुठला ब्राउझर टाकायचा?

माझ्या छापखान्यातला मुख्य संगणक २०११ चा आहे. ड्युअल कोअर प्रोसेसर, ४ जीबी रॅम, विंडोज ७. तो मी बदलत नाही, कारण त्यावर पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर आहे, जुनी मराठी लिपी (म्हणजे युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट) आहे आणि त्या लिपीचं डोंगल, म्हणजे ती चालायला लागणारी कुलूपवजा डबी, मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेलं आहे. इतक्या वर्षांच्या लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, सगळं त्याच लिपीत साठलंय. पण इंटरनेटही त्याच मशीनवर लागतं. गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवरच्या आजच्या मराठी अक्षरांत, पाठवतं. तो पेजमेकरमध्ये चिकटवला की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. मधे युनिकोडचं जुन्या लिपीत रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो ब्राउझरमध्ये उघडतो. म्हणून या प्रश्नावर मी बराच वेळ घालवला आहे. अशी मशीन सांभाळून असलेले आपल्याकडे पुष्कळ डीटीपीवाले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

ब्राउझर निवडताना मी एकच गोष्ट आधी बघतो: आपल्या विंडोजसाठी त्याची डागडुजी अजून कोणी करतंय का? वेग, दिसणं, सवय हे सगळं नंतर.

क्रोम इथेच बाद होतो. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारा शेवटचा क्रोम म्हणजे १०९, जानेवारी २०२३ चा. पुढच्याच महिन्यात आलेल्या ११० ला विंडोज १० लागू लागलं. मायक्रोसॉफ्टच्या एजचंही तसंच, तोही १०९ वर थांबला. उघडतात दोन्ही, आणि त्यामुळेच माणूस फसतो. त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोकं त्यांच्यात तशीच आहेत.

फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही आवृत्ती मी वापरतो. ईएसआर म्हणजे ज्यात नवी वैशिष्ट्यं येत नाहीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या जास्त काळ येत राहतात ती शाखा. ११५ जुलै २०२३ मध्ये आली. विंडोज ७ आणि ८ वाल्यांसाठी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तिची मुदत नंतर एकदा नाही, अनेकदा वाढवली. ती कायमची मात्र नाही. म्हणून महिन्यातून एकदा मदत मेन्यूत जाऊन ‘फायरफॉक्सविषयी’ उघडायचं आणि ११५ च्या पुढचा आकडा बदलतोय का ते बघायचं. तो बरेच महिने हलला नाही, तर दुरुस्त्या थांबल्या असं समजा.

हा आकडा आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा. १४ मार्च २०२५ ला मोझिलाचं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, ज्याच्या आधारे फायरफॉक्स अॅड-ऑन (ब्राउझरला जोडायची छोटी पूरक सॉफ्टवेअर) खरी आहेत का ते पडताळतो. ज्यांच्याकडे ११५.१३ च्या आधीची ईएसआर होती, त्यांची अॅड-ऑन्स त्यामुळे बंद पडायला लागली. कुणाच्या पेनड्राइव्हवर जुनी फाइल पडून असेल तर ती टाकत बसू नका.

टाकण्याआधी ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चा मोठा सुधारणा-संच) आहे का आणि सिस्टिम ३२ बिट आहे की ६४, हे दोन्ही तिथेच कळतं. फाइल शक्यतो दुसऱ्या संगणकावरून उतरवा. विंडोज ७ सोबत आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ८ मध्ये आजच्या बऱ्याच साइट उघडतच नाहीत, कारण टीएलएस १.२, म्हणजे साइटशी सुरक्षित जोडणीची पद्धत, त्यात आपणहून चालू नसतं. उतरवायची ती थेट मोझिलाच्या साइटवरून. शोध घेतल्यावर वर जाहिरातीत येणाऱ्या ‘फ्री डाउनलोड’ पानांवर जाऊ नका. भाषेच्या यादीत मराठीही आहे. क्रोममधले बुकमार्क आणि पासवर्ड फायरफॉक्स स्वतः आणून देतो, तेवढं झालं की क्रोम काढून टाका. ठेवला तर हात सवयीने तिकडेच जातो.

मग युब्लॉक ओरिजिन हे अॅड-ऑन बसवा. जाहिराती अडल्या की ४ जीबीच्या मशीनला खरोखर मोकळा श्वास मिळतो, आणि खोटी डाउनलोड बटणंही बरीच दिसेनाशी होतात. स्क्रीन लुकलुकत असेल तर सेटिंग्जमधलं हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करा.

आता एक अनुभव, कारण यात माझा अख्खा दिवस गेला होता. ऐन लग्नसराईत रात्री लाइट गेली. सकाळी मशीन लावलं तर एकही साइट उघडेना. प्रत्येक पानावर ‘सुरक्षित नाही’. मी फायरफॉक्स काढून परत टाकला, दुसरा टाकून पाहिला, राउटर बंद-चालू केला. दुपारी पत्रिका न्यायला आलेल्या एका काकांनी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “अहो, तुमच्याकडं आज एक जानेवारी २००९ कशी काय?”

प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे ती खरी असल्याच्या दाखल्यावर, कधीपासून कधीपर्यंत अशा दोन तारखा असतात. मशीनच्या हिशेबी ती सगळी प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नव्हती. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. वायर काढून, झाकण उघडून, नखाने खिट्टी दाबली की नाण्याएवढा तो सेल वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर ठेवायची, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ भरायची. पाच मिनिटांचं काम. म्हणून ब्राउझर बदलण्याआधी घड्याळ बघा.

तारीख बरोबर असूनही काही साइट अडत असतील तर खोट मूळ प्रमाणपत्रांच्या यादीत असू शकते. साइटचे दाखले त्या यादीवरून पडताळले जातात. साइटना फुकट प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्यावर विसंबून होती ते जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं तेव्हा असंच झालं. तेव्हाचा क्रोम विंडोजची यादी वापरायचा, आणि जुन्या विंडोजमध्ये ती यादी ताजी नसायची. फायरफॉक्स स्वतःची यादी बरोबर आणतो, म्हणून जुन्या मशीनवर मला त्याचाच भरवसा वाटतो.

ज्यांना क्रोमसारखंच काही हवं आहे त्यांच्यासाठी सुपरमियम आहे. क्रोमियममध्ये, म्हणजे क्रोमच्या खुल्या पायात, बदल करून तो जुन्या विंडोजवर, अगदी एक्सपीवरही, चालवला जातो. मी तो दुसरा म्हणून ठेवलाय, एखादी साइट फायरफॉक्सला जुमानत नसेल तरच उघडतो. त्यामागे मोठी संस्था नाही, म्हणून त्यात एकही पासवर्ड साठवत नाही. आणि एक्सपी असेल तर माझं कळकळीचं सांगणं: नेटची वायर काढा. त्याचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपला. फाइली पेनड्राइव्हने आणा.

विंडोज ७ चाही नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आहे. ब्राउझर ताजा असला तरी खालची विंडोज जुनीच राहते, आणि तिच्यातली भोकं ब्राउझर बुजवू शकत नाही. त्यामुळे बँक, जीएसटी, आधार यांतलं काहीही मी या मशीनवर उघडत नाही. ते फोनवर.

मशीन ६४ बिट असेल तर एक जुनी हार्ड डिस्क मिळवून तिच्यावर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. २ जीबी रॅममध्ये ती चालते, ४ असेल तर उत्तम, आणि तिच्यावर आजचा फायरफॉक्स येतो. आधी पेनड्राइव्हवरून नुसती चालवून बघता येते, विंडोजला धक्का लागत नाही. मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते केलं. सकाळी मिंटमध्ये मेल आणि व्हॉट्सअॅप बघतो, मजकूर कन्व्हर्टरमधून काढून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पेनड्राइव्हवर घेतो, आणि मग मशीन विंडोजमध्ये सुरू करून पेजमेकर उघडतो. विंडोजमधला फायरफॉक्स आता घाईच्या कामापुरता उरलाय.