टेंडनचं कोडिंग: आधी ऑपरेशन नोट, मग कोड

जळगावात बसून अमेरिकेतल्या वैद्यकीय विम्याच्या क्लेमचं कोडिंग (उपचार आणि निदान ठरलेल्या कोडमध्ये लिहिणं) करणाऱ्या आमच्या नव्या पोरापोरींना मी पहिल्यांदा हेच सांगते: वरच्या निदानावरून कोड टाकू नका, नोट शेवटपर्यंत वाचा.

अकिलीस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) तुटला आणि लगेच शिवला, तर सीपीटी, म्हणजे उपचाराचा कोड, २७६५०. मोठी चीर असो की बारीक छिद्रं, कोड तोच. सोबत ग्राफ्ट (जोडायला लावलेला ऊतीचा तुकडा) घेतला तर २७६५२. जुनी तूट उशिरा दुरुस्त केली तर २७६५४, आणि त्यात ग्राफ्ट धरलेलाच असतो.

खरी गफलत जागेची होते. फ्लेक्सर टेंडन (बोटं किंवा पाऊल खाली वाकवणारा) पोटरीच्या भागात शिवला (ताजी जखम, ग्राफ्ट नाही) तर २७६५८, पावलात शिवला तर २८२००. म्हणून सर्जननं टेंडन नेमका कुठे शिवला, त्या ओळीवर बोट ठेवा. हे दोन्ही कोड दर टेंडनमागे आहेत. दोन शिवले तर दोन मोजा, डॉक्टरांची मेहनत बुडू देऊ नका. कोडमागे बाजूची खूण लावा: उजव्याला आरटी, डाव्याला एलटी.

निदानाच्या कोडचंही (आयसीडी-१०) तसंच. उजवा अकिलीस ताणून तुटला तर एस८६.०११ए, काचेनं कापला तर एस८६.०२१ए. शेवटचा ‘ए’ म्हणजे मुख्य उपचार चालू आहे, म्हणून तो ऑपरेशनलाही चालतो. पुढच्या तपासण्यांना ‘डी’.